श्रम, विश्रांती आणि मेंदू
(मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगातील व्यायामासंबंधी)

१. एक जुना उपदेश

आजारी माणसाने स्वस्थ पडून राहावे, हा उपदेश इतका जुना व सर्वमान्य आहे की, त्याचे कारण विचारण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ताप आला, हाड मोडले किंवा शस्त्रक्रिया झाली की घरातील वडीलधारी माणसे आणि डॉक्टर एकमुखाने विश्रांतीच सांगतात. पुष्कळ प्रसंगी हा उपदेश योग्यही असतो. परंतु विश्रांती हेही एक औषध आहे आणि इतर औषधांप्रमाणे तिलाही प्रमाण असते. ते प्रमाण चुकले, तर तिच्यापासूनही अपाय होतो.

या पुस्तिकेत अशाच एका उपदेशाची हकिगत सांगावयाची आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मेंदूचा व मज्जारज्जूचा एक रोग आहे. हा रोग झालेल्या तरुण स्त्रीपुरुषांना, शरीराला श्रम देऊ नका, असे डॉक्टर कित्येक पिढ्या सांगत आले. हा सल्ला एका अचूक निरीक्षणातून निघाला होता. मात्र त्या निरीक्षणावरून काढलेले अनुमान चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे कसे कळले, व्यायामाने या रुग्णांना काय लाभतो, आणि त्यांच्या मेंदूवर व्यायामाचा काय परिणाम होतो, हे आता क्रमाने पाहू.

२. रोगाची ओळख

पॅरिस शहरातील साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को हे थोर मज्जाविकारतज्ज्ञ काम करीत असत. १८६८ मध्ये त्यांनी या रोगाचे सुसंगत वर्णन केले. रुग्णाच्या हयातीत दिसलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत व मज्जारज्जूत आढळलेले बदल यांची त्यांनी सांगड घातली. मेंदूचा छेद घेतला असता त्यात जागोजागी करड्या रंगाचे, बोटाला घट्ट लागणारे चट्टे दिसत. ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कठीणपणा आणि ‘मल्टिपल’ म्हणजे अनेक. अनेक ठिकाणी आलेला कठीणपणा, असा या नावाचा सरळ अर्थ आहे.

हा रोग बहुधा वीस ते चाळीस या वयात प्रथम प्रकट होतो, म्हणजे शिक्षण संपून संसार व व्यवसाय सुरू होण्याच्या सुमारास. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो. एखाद्या रुग्णाला एके दिवशी एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. दुसऱ्याच्या पायाला मुंग्या येतात. तिसऱ्याचा तोल जातो. काही आठवड्यांनी त्रास आपोआप ओसरतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शरीराच्या दुसऱ्याच भागात रोग पुन्हा उचल खातो. सुमारे ८५ टक्के रुग्णांत आरंभी रोगाचे स्वरूप असे चढउताराचे असते. पुढे काहींच्या बाबतीत उतार पुरता पडेनासा होतो आणि अपंगत्व हळूहळू वाढत जाते. काही थोड्या रुग्णांत मात्र ते आरंभापासूनच सावकाश वाढत राहते.

२०२० मध्ये केलेल्या गणनेप्रमाणे जगात या रोगाचे सुमारे २८ लाख रुग्ण होते. थंड हवेच्या, विषुववृत्तापासून दूर असलेल्या देशांत रोगाचे प्रमाण अधिक आहे. भारतात तो फार विरळ, असा समज दीर्घकाळ होता. मुंबईचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी करून १९९० मध्ये दाखवून दिले की, त्या समाजात रोगाचे प्रमाण लाखात सुमारे २६, म्हणजे आपल्या देशाच्या मानाने बरेच मोठे आहे. चुंबकीय अनुनादाने शरीराच्या अंतर्भागाच्या प्रतिमा घेणारी यंत्रे, म्हणजे एम.आर.आय., सर्वत्र उपलब्ध होऊ लागल्यापासून देशाच्या सर्व भागांत रुग्ण ओळखले जात आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही या रोगाचा नावानिशी समावेश केलेला आहे.

३. तार आणि तिचे वेष्टन

रोगात नेमके काय बिघडते हे समजण्यासाठी मज्जातंतूंची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मेंदूतील प्रत्येक मज्जापेशीपासून एक लांब, बारीक तंतू निघतो. त्यातून संदेश विजेच्या आवेगाच्या रूपाने वाहतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. माणसाच्या शरीरातील सर्वांत जलद तंतूंमध्ये हा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास असतो. उलट काही अगदी बारीक तंतूंमध्ये तो जेमतेम एक मीटर असतो.

एवढा फरक कशामुळे पडतो? जाडीचा त्यात वाटा आहेच; पण मुख्य कारण म्हणजे जलद तंतूंभोवती मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. ते अखंड नसते. ठराविक अंतरावर त्यात उघडी जागा राहते. रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशा जागांचे वर्णन केले, म्हणून त्यांना रांव्हिएच्या गाठी म्हणतात. संदेश एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर जणू उड्या मारीत जातो आणि त्यामुळे त्याचा वेळ व शक्ती दोन्ही वाचतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा या वेष्टनावरच उलटते. ज्या पांढऱ्या पेशींनी बाहेरच्या जंतूंशी लढावयाचे, त्या मेंदूत शिरून मायेलिनचा नाश करतात. तेथे दाह होतो आणि पुढे चट्टा पडतो. असे का घडते, याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. परंतु अमेरिकी सैन्यातील सुमारे एक कोटी व्यक्तींच्या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या रोगाचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतील अगदी थोड्यांनाच हा रोग होतो. तेव्हा विषाणूखेरीज इतरही कारणे असली पाहिजेत, हे उघड आहे.

वेष्टन गेले की संदेश मंदावतो, अडखळतो किंवा वाटेतच विरतो. दीर्घकाळ उघडा राहिलेला तंतू शेवटी मरतो. मेंदूचे आकारमान वयाबरोबर सर्वांचेच थोडे घटते. निरोगी प्रौढात ही घट वर्षाला सुमारे ०.१ ते ०.३ टक्के असते. उपचार न घेणाऱ्या या रुग्णांत ती वर्षाला ०.५ टक्क्यापासून एक टक्क्याहूनही अधिक असते. यामुळेच सुमारे निम्म्या रुग्णांत स्मरणशक्ती किंवा विचारांचा वेग थोडाफार मंदावलेला आढळतो. पाय लटपटत असतील तर ते इतरांस दिसते. विचार मंदावला तर ते दिसत नाही. त्यामुळे कचेरीत किंवा घरात अशा माणसावर आळसाचा वा निष्काळजीपणाचा आरोप होतो, आणि हे दुःख रोगाच्या दुःखाहून कमी नसते.

४. ऊटहोफचे निरीक्षण

आता त्या जुन्या उपदेशाकडे वळू. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसच्या शंभर रुग्णांच्या डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चौघांत त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. खोलीत काही वेळ जलद येरझारा घालावयास लावले की त्यांची दृष्टी अंधुक होई, आणि थोडा वेळ बसले की ती पूर्ववत होई. श्रमामुळे दृष्टी मंदावते, असे ऊटहोफने नोंदविले.

निरीक्षण बिनचूक होते. परंतु पुढे असे लक्षात आले की, श्रम न करताही हाच परिणाम घडविता येतो. रुग्णाला कढत पाण्याच्या टबात बसविले तरी त्याची लक्षणे तात्पुरती बळावतात. म्हणजे खरे कारण श्रम नसून शरीराची वाढलेली उष्णता होय. एम.आर.आय. यंत्रे येण्यापूर्वी, म्हणजे १९८० च्या सुमारापर्यंत, रोगाचे निदान करण्यासाठी अनेक ठिकाणी ही ‘उष्णस्नानाची परीक्षा’ वापरीत असत.

उष्णतेने असे का व्हावे? तंतूच्या पृष्ठभागावर सोडियमच्या कणांना आत येऊ देणारी सूक्ष्म दारे असतात. ती उघडल्यामुळेच विद्युत्-आवेग निर्माण होतो. तापमान वाढले की ही दारे अधिक लवकर मिटतात आणि आवेग अल्पजीवी होतो. वेष्टन शाबूत असेल तर पुढच्या गाठीपर्यंत पोहोचण्यास तेवढाही आवेग पुरून उरतो. वेष्टन झिजलेल्या तंतूत मात्र शिल्लक अशी नसतेच. संदेश कसाबसा पार पडत असतो आणि अर्ध्या अंशाची उष्णताही त्याला अडविण्यास पुरते. शरीर निवाले की वाट पुन्हा मोकळी होते. या साऱ्या प्रकारात तंतूला नवी इजा मुळीच होत नाही.

नेमका हाच भेद पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिला. तात्पुरता अडथळा आणि कायमची हानी या दोन गोष्टी भिन्न आहेत. व्यायाम करताच रुग्णाला अंधुक दिसू लागे, पाय जड होत. रोग वाढत आहे असे त्याला व त्याच्या डॉक्टरांना वाटे, आणि श्रम टाळण्याचा सल्ला दृढ होत जाई.

५. विश्रांतीचे दुष्टचक्र

या सल्ल्याने काय झाले हे समजण्यासाठी ‘प्राणवायुक्षमता’ ही कल्पना समजून घेऊ. चालणे, पोहणे, सायकल चालविणे अशा दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमात स्नायूंना प्राणवायूचा अखंड पुरवठा लागतो. फुप्फुसे तो घेतात, रक्त तो वाहते, हृदय ते रक्त ढकलते आणि स्नायू तो वापरतात. श्रम वाढवीत नेले की एक मर्यादा अशी येते की, तिच्या पलीकडे शरीर अधिक प्राणवायू घेऊ शकत नाही. आर्चिबाल्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्याने १९२३ मध्ये ही कल्पना मांडली. उच्छ्वासाची हवा पिशवीत गोळा करीत हिल स्वतः मैदानावर धावला होता. आज ही मर्यादा दर मिनिटास, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे किती मिलिलिटर प्राणवायू घेतला, या मापाने सांगतात.

निरोगी तरुण माणसात हा आकडा सामान्यतः ३५ ते ४५ असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत तो सरासरीने सुमारे २५ आढळतो. ही सगळी घट रोगाने झालेली नसते. माणूस बसून राहिला की स्नायू क्षीण होतात आणि हृदयाचा प्रत्येक ठोका कमी रक्त ढकलू लागतो. मग पूर्वी सहज होणाऱ्या कामाने धाप लागते. धाप लागते म्हणून तो अधिक बसतो आणि अधिक बसल्याने आणखी दुबळा होतो. शिवाय हृदयविकार, मधुमेह व रक्तदाब हे बैठ्या जीवनाचे नेहमीचे सोबतीही मागे लागतात. अशा रीतीने रोगाच्या अपंगत्वात विश्रांतीच्या अपंगत्वाची भर पडते. पहिले डॉक्टरांच्या पूर्णपणे हाती नसते. दुसरे मात्र टाळता येण्याजोगे असते.

६. उपदेशाची कसोटी

हा उपदेश कसोटीस लावणाऱ्यांत अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे जॅक पेटाजान व त्यांचे सहकारी यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. १९९६ मध्ये त्यांनी ५४ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी ४० मिनिटे हातापायांनी चालविण्याच्या स्थिर सायकलीवर व्यायाम केला. दुसऱ्या गटाने आपला नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. व्यायाम करणाऱ्यांची प्राणवायुक्षमता २२ टक्क्यांनी आणि काम करण्याची शक्ती ४८ टक्क्यांनी वाढली. त्यांची खिन्नताही कमी झाली. व्यायामाने रोग बळावला, असे मात्र दिसले नाही.

एका प्रयोगाने सिद्धान्त ठरत नाही. परंतु पुढे असे अनेक प्रयोग झाले. २०१४ मध्ये अशा २६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. व्यायाम न करणाऱ्यांपैकी ६.३ टक्के रुग्णांत, तर व्यायाम करणाऱ्यांपैकी ४.६ टक्के रुग्णांत रोगाने उचल खाल्ली होती. म्हणजे ज्या भीतीपायी कित्येक पिढ्यांना बसवून ठेवण्यात आले, ती भीती निराधार होती.

७. मेंदूला काय लाभते?

येथपर्यंत आपण हृदय व स्नायू यांचा विचार केला. परंतु रोग मेंदूचा आहे. व्यायामाचा लाभ मेंदूपर्यंत पोहोचतो काय?

तसे मानण्यास काही आधार आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरीत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू घेतो. रक्तप्रवाह सुधारला तर त्याचा लाभ त्याला व्हावा, हे स्वाभाविक वाटते. अमेरिकेत १२० निरोगी वृद्धांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकँपस हा स्मरणाशी संबंधित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ ताण देण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांत तो १.४ टक्क्यांनी घटला.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत या दिशेने महत्त्वाचे पाऊल रुचिका शौर्य प्रकाश यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टाकले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या रोगाच्या २१ स्त्रिया आणि तुलनेसाठी १५ निरोगी स्त्रिया होत्या. प्रत्येकीची प्राणवायुक्षमता मोजण्यात आली आणि मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. ज्या रुग्ण स्त्रियांची क्षमता अधिक होती, त्यांच्या मेंदूच्या काही भागांतील करडे द्रव्य, म्हणजे मज्जापेशींचा थर, अधिक टिकून असल्याचे दिसले. श्वेत द्रव्यातील, म्हणजे वेष्टनयुक्त तंतूंतील, काही मार्गही अधिक शाबूत होते. ज्यांचे हे भाग टिकून होते, त्यांचा विचारांचा वेगही बरा होता.

हा निष्कर्ष आशादायक आहे. पण येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. सुदृढ शरीर आणि सुस्थित मेंदू एकत्र आढळले, एवढेच यावरून सिद्ध होते. व्यायामामुळे मेंदू टिकला असेल. किंवा मेंदू टिकून असल्यामुळेच त्या स्त्रियांना अधिक हिंडताफिरता येत असेल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. ऊटहोफच्या रुग्णांत श्रम आणि अंधुक दृष्टी एकत्र दिसली, तेव्हा आपली फसगत झाली होती. ज्या चुकीने व्यायामाची भीती उत्पन्न झाली, तीच चूक उलट दिशेने करून व्यायामाचा अवास्तव गौरव करणे शास्त्राला शोभणार नाही.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरविण्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथून स्मरणशक्ती मंदावलेल्या दोन रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन महिने सायकलीचा व्यायाम केलेल्या रुग्णाचा हिप्पोकँपस १६.५ टक्क्यांनी वाढला व स्मरणही सुधारले. केवळ ताण देण्याचे व्यायाम केलेल्या दुसऱ्या रुग्णात तसे झाले नाही. आकडा मोठा आहे, परंतु रुग्ण दोनच होते, हे विसरता कामा नये.

त्यानंतर मोठे प्रयोग झाले. डेन्मार्कमध्ये ८६ रुग्णांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४ आठवडे जोमदार व्यायाम केलेल्यांची प्राणवायुक्षमता वाढली, परंतु मेंदूच्या आकारमानातील घट व्यायाम न केलेल्यांइतकीच राहिली. व्यायाम करणाऱ्यांत रोगाची उचल कमी वेळा दिसली. मात्र प्रयोगाचा मुख्य हेतू ती मोजण्याचा नव्हता. २०२३ मध्ये सहा देशांतील अकरा केंद्रांत ३११ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सर्व रुग्ण सावकाश वाढत जाणाऱ्या प्रकारच्या रोगाचे असून त्यांची विचारशक्ती मंदावलेली होती. बारा आठवडे व्यायाम आणि बुद्धीला चालना देणारा अभ्यास देऊनही, केवळ देखाव्यापुरते उपचार मिळालेल्या गटाहून त्यांच्या विचारांचा वेग अधिक सुधारला नाही.

मग व्यायाम व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. बारा किंवा चोवीस आठवड्यांच्या व्यायामाने मेंदूचा ऱ्हास थांबलेला किंवा विचारांचा वेग सुधारलेला दिसत नाही, एवढाच या प्रयोगांचा अर्थ आहे. व्यायाम रोगाच्या आरंभी सुरू केला आणि कित्येक वर्षे चालू ठेवला तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी मिटविलेला नाही. मेंदू वर्षाला एखाद्या टक्क्याने आक्रसतो. सहा महिन्यांत त्याचा फरक मोजणे म्हणजे वडाच्या झाडाची वाढ आठवड्याच्या आठवड्याला पट्टीने मोजण्यासारखे आहे. मेंदूविषयीचा निर्णय अद्याप बाकी आहे. दम, बळ, चालणे व मनाचा उत्साह यांविषयीचा निर्णय मात्र बऱ्याच अंशी लागलेला आहे, आणि तो व्यायामाच्या बाजूचा आहे.

येथे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटा या औषधास मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून रोगाची उचल कमी करणारी अनेक औषधे उपलब्ध झाली आहेत. व्यायाम त्यांच्या जोडीने करावयाचा असतो.

८. व्यायाम कसा असावा?

प्रकृतीला झेपेल असा क्रम डॉक्टरांना व व्यायामोपचार जाणणाऱ्यांना विचारूनच ठरवावा. सर्वसाधारण दिशा पुढीलप्रमाणे आहे. सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्या प्रौढ रुग्णांनी आठवड्यातून निदान दोन वेळा, प्रत्येक वेळी ३० मिनिटे, मध्यम वेगाचा दमाचा व्यायाम करावा आणि दोन वेळा स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम करावा, अशी शिफारस कॅनडातील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये केली. २०२० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी, शक्तीनुसार वाढवीत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे, असे सुचविले. घरकाम, बागकाम, जिने चढणे या हालचालीही त्यात मोजावयाच्या असतात. ज्याला चालता येत नाही त्याने हातांनी फिरविण्याच्या सायकलीचा किंवा बसून करावयाच्या व्यायामाचा उपयोग करावा.

वेग किती असावा याची एक सोपी कसोटी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. गाता आले तर वेग कमी आहे. बोलताही येईना तर तो जास्त आहे.

आपल्या देशात उष्णतेचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. नागपूरच्या किंवा जयपूरच्या मे महिन्यात दुपारी चालावयास जाणे अशा रुग्णाला योग्य नव्हे. त्याने पहाटे किंवा पंख्याखाली व्यायाम करावा, सैल सुती कपडे घालावेत, गार पाणी प्यावे, मानेभोवती ओले फडके गुंडाळावे आणि मध्ये मध्ये थांबावे. पोहता येत असेल तर फार गरम नसलेले पाणी उत्तम. त्यात शरीर निवते आणि तोल जाण्याचेही भय राहत नाही. व्यायामाने अंधुक दिसले तर बसावे, निवावे व वाट पाहावी. निवाल्यानंतर लक्षण गेले तर घाबरण्याचे कारण नाही. दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ टिकले तर मात्र ते रोगाच्या उचलीचे चिन्ह असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. ताप असताना किंवा रोगाने नुकतीच उचल खाल्ली असताना व्यायाम थांबवावा आणि तो पुन्हा केव्हा सुरू करावयाचा हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

९. स्वतः करून पाहा

पुढील दोन प्रयोग निरोगी विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावेत.

पहिला प्रयोग : पाच मिनिटे स्वस्थ बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. मग तीन मिनिटे जागच्या जागी झपझप पावले टाका. थांबताच, आणि त्यानंतर दर मिनिटाला, नाडी मोजून लिहा. ती मूळ आकड्यावर येण्यास किती मिनिटे लागली? रोज अर्धा तास जलद चालून सहा आठवड्यांनी हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. मात्र सहा आठवड्यांत तुमच्याकडून आणखी काय बदलले, याचाही विचार करा. नाहीतर तुमचेही अनुमान चुकेल.

दुसरा प्रयोग : एकाने दर तीन सेकंदांनी एक ते नऊ यांपैकी एक आकडा म्हणावा. ऐकणाऱ्याने प्रत्येक आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवून बेरीज सांगावी. उदाहरणार्थ, ३, ५, २, ९ असे आकडे आले तर उत्तरे ८, ७, ११ अशी येतील. स्वतः सांगितलेल्या बेरजेत पुढचा आकडा मिळविण्याचा मोह होतो. तो आवरावयाचा असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या विचारांचा वेग व एकाग्रता मोजण्यासाठी डॉक्टर हीच परीक्षा वापरतात. काही मिनिटांतच तुम्हाला किती थकवा येतो ते पाहा. मग ज्याच्या मेंदूतील तारांचे वेष्टन झिजले आहे, त्याला दिवसभर कचेरीचे काम करताना काय होत असेल, याची कल्पना येईल.

१०. समारोप

या हकिगतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली रुग्णांसाठी : मल्टिपल स्क्लेरोसिस झाला म्हणून शरीर बंद पेटीत ठेवण्याचे कारण नाही. बेताचा, नियमित आणि उष्णतेपासून जपून केलेला व्यायाम त्यांना अपाय करीत नाही. उलट त्यांचे बळ राखतो. त्यांच्या घरच्यांनी व शेजाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. चालावयास निघालेल्या रुग्णाला ‘कशाला दमतोस, बस’ असे म्हणण्यात माया असते, पण हित नसते. त्याच्याबरोबर चार पावले चालण्यात दोन्ही असते.

दुसरी गोष्ट सर्वांसाठी आहे. ऊटहोफने पाहिले ते खरे होते. त्यावरून लोकांनी जे ठरविले ते खरे नव्हते. पाहणे आणि ठरविणे यांच्यामध्ये प्रयोगाची पायरी आहे. ती गाळली गेल्यामुळे हजारो माणसे नाहक अंथरुणाला खिळून राहिली. व्यायामाने मेंदू वाचतो की नाही, हा आजचा प्रश्नही त्याच पायरीवर उभा आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे काम आज शाळेत असलेल्या वाचकांपैकी कोणाच्या तरी वाट्याला येईल.